गिनी पिगला सोबत कुणाची द्यायची, कशी द्यायची आणि कुणापासून लांब ठेवायचं

आमच्याकडं गिनी पिग आले ते २०१९ च्या गणपतीनंतर. दुकानदारानं सांगितलं दोन्ही माद्या आहेत, बहिणी आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा, आणि सोबत एक दीड बाय दोन फुटाचा जाळीच्या तळाचा पिंजरा पण दिला. दोन महिन्यांनी एका सकाळी गवत घालायला गेले तर गवताखालून तीन पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस, चक्क पळत बाहेर आली. म्हणजे आमचा चिकू नर निघाला आणि शेंगा त्याची बहीण वगैरे होती की नाही देव जाणे. त्या एका चुकीतून मला पुढं जे जे शिकायला लागलं ते सगळं इथं सविस्तर लिहितेय, कारण आजही दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं की एकटा ठेवला तर चालेल का, सशाबरोबर ठेवू का, दोन नर भांडतायत काय करू.

एकटा ठेवू नका, हे आधीच सांगते. हा प्राणी मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातला, तिकडं पेरू, बोलिव्हियात त्याला कुई म्हणतात आणि हजारो वर्षांपासून लोक घरात पाळतात (तिकडं खायलाच पाळतात, पण ते असो). त्याचे रानातले भाऊबंद छोट्या कळपानं राहतात, एकानं धोका बघितला की आवाज देतो आणि सगळे बिळात. कळपात जगणाऱ्या जिवाला एकटं ठेवलं की तो शांत दिसतो, आपल्याला वाटतं किती गुणी आहे, खरं तर तो घाबरून गप्प बसलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनी पिग एकटा पाळायला कायद्यानंच बंदी आहे. आणि सोबत म्हणजे दुसरा गिनी पिगच, ससा नाही, हॅमस्टर नाही, तुम्ही पण नाही. तुम्ही कितीही लाड केलेत तरी रात्री दोन वाजता त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायला तुम्ही नसता.

आधी नर की मादी ते नक्की करा

दुकानातल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा आणि मग डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. खाली बसा म्हणजे हातातून सुटला तरी पडणार नाही, एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, पाठ आपल्या पोटाला टेकवून सरळ धरा. मादीला इंग्रजी वाय अक्षरासारखी घडी दिसते, नराला वर टिंब आणि खाली रेघ, छोट्या आय सारखं. मोठ्या नराला दोन्ही बाजूला फुगवटा दिसतो त्यामुळं कळतं, लहान पिल्लात फसायला होतं, म्हणून दोन आठवड्यांनी परत बघायचं.

हे इतकं का ताणतेय ते ऐका. नर पिल्लू ३ आठवड्यांचं झालं की त्याच्यापासून आई, बहीण कुणीही गाभण राहू शकते. मादी ४-५ आठवड्यांत माजावर येऊ शकते. गर्भाचा काळ साधारण ५९ ते ७२ दिवस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिल्लं झाल्यावर काही तासांतच मादी परत माजावर येते, त्या वेळी नर शेजारी असेल तर लगेच दुसरा गर्भ. आमच्या शेंगाचं हेच झालं. मी सकाळी पिल्लं बघितली, दुपारी डॉक्टरांना फोन लागला, त्यांनी सांगितलं नर आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, मी काढला पण उशीर झाला होता. तीन पिल्लांना पाजत पाजत ती दुसऱ्यांदा गाभण, तिचं वजन इतकं उतरलं की पाठीचा कणा हाताला लागायचा. दुसऱ्या वेळची दोन पिल्लं ओळखीच्या घरी दिली, ती वाचली, पण ते दोन महिने मी नीट झोपले नाही.

अजून एक. मादी ६-७ महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्यायली नसेल तर तिच्या कमरेच्या पुढच्या हाडांचा सांधा घट्ट होतो, मग पहिलं बाळंतपण तिच्या जिवावर बेतू शकतं. त्यामुळं "एकदा पिल्लं होऊ द्या की, मुलांना बघायला मिळतील" हा विचार सोडून द्या.

मग जोडी कुठली? दोन माद्या सगळ्यात सोपं. नसबंदी केलेला एक नर आणि एक-दोन माद्या, हे तर माझ्या मते सगळ्यात छान, नर घरात असला की माद्यांची आपापसातली कुरकुर पण कमी होते. पण नसबंदी झाल्यावर नराला ६ आठवडे माद्यांपासून वेगळंच ठेवायचं, कारण तेवढे दिवस जुनं बीज शरीरात राहू शकतं. आणि हे ऑपरेशन नेहमीच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडं नको, गिनी पिग, ससे असे छोटे प्राणी रोज बघणारे डॉक्टर शोधा, आधी विचारा की वर्षात अशी किती केलीत. भूल देण्याआधी गिनी पिगला उपाशी ठेवत नाहीत, त्याला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलं तर उलट धोका, हे ज्या डॉक्टरांना माहीत असेल ते योग्य. दोन नर पण नीट राहतात, त्यावर खाली वेगळं लिहिलंय. तीन नर मात्र नकोच.

जागा, म्हणजे अर्धी भांडणं इथंच मिटतात

मी जेवढ्या लोकांशी बोललेय त्यातल्या बहुतेकांची तक्रार "आमचे दोघं जमत नाहीत" अशी असते आणि फोटो मागवला की पिंजरा दीड बाय दोन फूट. अहो, तेवढ्यात दोन माणसं पण भांडतील. दोन गिनी पिगना कमीत कमी साडेसात चौरस फूट, म्हणजे अडीच बाय तीन फूट, आणि चांगलं म्हणायचं तर साडेदहा चौरस फूट लागतात. दोन नर असतील तर साडेदहाच्या खाली जाऊच नका. अंदाज यावा म्हणून, आपली तीन बाय सहाची सिंगल गादी १८ चौरस फुटांची असते, तिच्या अर्ध्याहून थोडी जास्त जागा. तिसरा आला की अजून अडीच-तीन चौरस फूट धरा. मजले आणि जिने यात मोजायचे नाहीत, या प्राण्याला चढायला जमत नाही, सलग सपाट जमीन पाहिजे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावता आलं पाहिजे.

एवढा मोठा पिंजरा दुकानात मिळत नाही, मिळाला तर महाग. घरी बनवा. ऑनलाईन कपड्यांच्या रॅकसाठी जाळीचे चौकोनी पॅनल मिळतात ३५ सेंटीमीटरचे, ते २ बाय ४ पॅनल लावले की साडेदहा चौरस फूट बरोब्बर होतात. जाळीची भोकं छोटी बघून घ्या, दीड इंचापेक्षा मोठं भोक असेल तर पिल्लू डोकं घालतं आणि अडकतं. तळाला सनपॅक शीट, बोर्ड-बॅनर बनवणाऱ्यांकडं मिळते ती, कडेनं ६ इंच वर दुमडून ट्रे करायचा म्हणजे लघवी बाहेर येत नाही आणि पिल्लं जाळीपर्यंत पोचत नाहीत. वर जुन्या टॉवेलचे दोन थर आणि त्यावर फ्लीसचं ब्लँकेट. जाळीचा तळ अजिबात नको, पायाच्या तळव्याला जखमा होतात आणि त्या बऱ्या व्हायला महिने जातात. सुताराकडचा भुसा पण नको, त्यात कुठलं लाकूड, कुठला प्लाय, काय गोंद काही सांगता येत नाही आणि धुळीनं यांची छाती लगेच भरते.

आमचा पहिला पिंजरा मी भंगारात दिला, दुसऱ्या कुणाला दिला असता तर त्यानं परत त्यात कुणाला तरी कोंबलं असतं.

आतलं सामान लावताना एकच हिशोब डोक्यात ठेवा, की जोर असलेला प्राणी कुठलीही एक वस्तू अडवून बसू शकला नाही पाहिजे. म्हणजे पाण्याच्या बाटल्या दोन आणि लांब लांब. पेलेट्सच्या (दाबून केलेल्या सुक्या खाद्याच्या गोळ्या) वाट्या दोन, किंवा वाटीच नको, सरळ पसरून टाका. गवताचे ढीग दोन-तीन ठिकाणी. लपायची घरं जितके प्राणी तितकी अधिक एक, आणि प्रत्येक घराला दोन दारं असलीच पाहिजेत. हे दोन दारांचं लोक विसरतात. एक दार असलं की दुबळा आत शिरतो, दुसरा दारात उभा राहतो, आणि आतल्याला पळायला वाट नसली की तो चावतो. बुटाच्या खोक्याला समोरासमोर दोन भोकं पाडली तरी झालं, फुकट काम, कुरतडून संपलं की नवीन. प्लास्टिकचं छोटं स्टूल, वर कापड टाकलेलं, ते पण उत्तम, चारी बाजूंनी मोकळं. पळायचं चाक, पारदर्शक बॉल हे हॅमस्टरचं सामान आहे, गिनी पिगची पाठ त्यात मोडते, फुकट दिलं तरी घेऊ नका.

गवताबद्दल इथंच सांगून टाकते कारण खाण्यावरूनच जास्त मारामाऱ्या. रोजच्या खाण्यात मुख्य भाग सुकं गवत, चोवीस तास, जितकं खातील तितकं. टिमोथी गवत बाहेरून येतं म्हणून महाग पडतं, ओटचं सुकं गवत त्याहून स्वस्त मिळतं. आपल्याकडं गुरांसाठी लसूणघास सहज मिळतो आणि लोक तोच रोज घालतात, पण त्यात कॅल्शियम खूप असतं, मोठ्या प्राण्याला रोज दिला तर मूतखडे होऊ शकतात. पिल्लं आणि गाभण मादी यांना चालतो. आणि यांच्या शरीरात सी जीवनसत्त्व आपल्यासारखंच तयार होत नाही, रोज खाण्यातून द्यावं लागतं, म्हणून रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर. प्रत्येकाला वेगळा तुकडा, एकाच वेळी, लांब अंतरावर.

नवीन आणलेला लगेच आत सोडू नका

कितीही गोड दिसला तरी २ ते ३ आठवडे वेगळ्या खोलीत. खरूज, उवा, गजकर्ण, सर्दी, हे सगळं दुकानातून येतं आणि पहिले काही दिवस दिसत नाही. गजकर्ण तर आपल्याला पण होतं, घरात लहान मुलं असतील तर जास्त जपा. रोज आधी जुन्यांचं करायचं, मग नव्याचं, हात साबणानं धुवायचे, कपडे बदलता आले तर अजून चांगलं. या दिवसांत एकदा डॉक्टरांना दाखवा. नाक वाहतंय का, डोळ्याला चिपाडं, श्वासाचा आवाज, मान-पाठीवर केस गेलेत का, खाजवतो का, लेंड्या सुक्या आणि एकसारख्या आहेत का बघा. औषध मनानं द्यायचं नाही, विशेष करून अमोक्सिसिलीन, आपल्या घरात प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये असतं, ते गिनी पिगच्या पोटातले चांगले जंतू मारून त्यालाच मारतं.

स्वयंपाकघरातला वजनकाटा या दिवसांतच कामाला लावा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळेला, वहीत लिहून. मोठ्याचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. ५० ग्रॅम कमी झालं की लक्ष ठेवायचं, ८०-९० ग्रॅम उतरलं की डॉक्टर. जोडीत कोण कुणाला उपाशी ठेवतंय हे डोळ्याला दिसत नाही, वहीत दिसतं.

ओळख करून देणं

याला घाई करायची नाही आणि मध्येच पळ पण काढायचा नाही. सुट्टीचा दिवस ठरवा, सकाळीच सुरू करा, रात्री नको.

आधी ३-४ दिवस दोघांचे पिंजरे शेजारी, मध्ये जाळी, म्हणजे वास, आवाज ओळखीचे होतात. एकमेकांचं फ्लीस बदलून टाका. मग त्या दिवशी दोघांच्याही मालकीची नाही अशी जागा निवडा. आमच्याकडं हॉलमध्ये सोफा सरकवून जुनी चादर घालते, घसरायला नको म्हणून, भोवती तीच जाळीची पॅनल लावून निदान चार बाय पाच फूट. आत घर ठेवायचं नाही, वाटी नाही, फक्त मधोमध मोठ्ठा गवताचा ढीग आणि भरपूर कोथिंबीर पसरलेली. खाणं एवढं पाहिजे की भांडायची गरजच पडू नये. हाताशी एक जाड टॉवेल आणि केराची सुपली ठेवा, कशाला ते पुढं सांगते. दोघांना एकदम सोडा आणि तुम्ही बाहेर बसा.

पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं त्यानं नवीन माणूस घाबरतो. एकमेकांचं ढुंगण हुंगणं, मागं मागं पळणं, अंगावर चढणं (माद्या पण चढतात), आणि नर कंबर हलवत हळूहळू घुर्रर्र असा मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखा आवाज काढत फिरतो, हे सगळं नॉर्मल आहे. दोघं नाक वर करून उभे राहतात, ज्याचं नाक खाली तो हरला, झालं. थोडे केस उपटले गेले, किंचाळला, तरी चालेल. खालचा किंचाळतो म्हणजे बऱ्याचदा "बाबा मी हरलो, सोड" असं सांगत असतो. वर कोण आणि खाली कोण हे ठरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि तुम्ही दर वेळी किंचाळी ऐकून उचलून घेतलंत तर तो निकाल लागतच नाही, पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू.

काळजी कधी करायची? दात कटकट कटकट वाजवणं थांबतच नाही, मानेचे केस उभे, दोघं समोरासमोर तोंड उघडून जांभई दिल्यासारखं दात दाखवतायत, मग एकदम झेप. नजर वळवायला टाळी वाजवून बघा. दोघं एकमेकांत गुंतून चेंडूसारखे गोल फिरायला लागले किंवा रक्त आलं की संपलं, वेगळे करायचे. हात घालायचा नाही, तेव्हा त्यांना तुम्ही-आम्ही कळत नाही, दात हाडापर्यंत जातात. सुपली मध्ये घालायची, वर टॉवेल टाकायचा, मग उचलायचं. एक छोटा ओरखडा असेल तर स्वच्छ करून काही दिवसांनी परत प्रयत्न करता येतो, खोल जखम झाली तर मला विचाराल तर त्या दोघांना परत एकत्र सोडू नका.

निदान दोन तास, जमलं तर चार तास तिथंच ठेवा. एकमेकांजवळ बसून खायला लागले, एखादा पाय पसरून लोळला, किंवा उड्या मारायला लागला (आनंदात हे जागच्या जागी लाह्यांसारखे उडतात) की समजायचं जमलं. तोवर कायमचा पिंजरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसून घ्या, फ्लीस धुतलेलं, सामानाची जागा बदललेली, म्हणजे जुन्याला "माझं घर" असं वाटत नाही. मग दोघांना एकदम आत. आत गेल्यावर पुन्हा थोडी पळापळ होते, पहिले दोन दिवस घर ठेवूच नका किंवा फक्त चारी बाजूंनी उघडं स्टूल ठेवा. पहिल्या रात्री मी गादी टाकून शेजारीच झोपते.

काही लोक सांगतात दोघांना एकत्र आंघोळ घाला म्हणजे वास एक होतो आणि जमतं. मला हे पटत नाही. घाबरून एकमेकांना चिकटतात, वाळले की तेच भांडण, वर सर्दीचा धोका.

दोन नर

आमचा चिकू आणि त्याचं नर पिल्लू तीळ. तीळ २१ दिवसांचा झाल्या दिवशी आईकडून काढून बापाकडं दिला. मोठा नर आणि लहान पिल्लू ही जोडी बहुतेक वेळा लगेच जमते, त्यांची पण जमली, तीळ बापाच्या पोटाखाली झोपायचा. पाचव्या महिन्यात सगळं बदललं. तीळ वयात आला, दिवसभर घुर्रर्र, चढाचढी, एकदा चिकूच्या कानाला रक्त. साधारण ३ महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत नरांचं हे वय असतं आणि याच काळात लोक हार मानतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. पिंजरा अडीच बाय तीनचा होता तो अडीच बाय पाचचा केला. आणि माद्यांचा पिंजरा त्याच खोलीत होता तो आतल्या बेडरूममध्ये नेला, माद्यांना हात लावून आले की हात धुवूनच या दोन नरांकडं, कारण मादीचा वास आला की शहाणे नर पण वेडे होतात. दहा-बारा दिवसांत फरक पडला. कुरकुर राहिली, रक्त पुन्हा कधी नाही.

नाहीच जमलं तर मधोमध जाळी घालून दोन खोल्या करा, दोघांना एकमेकांचं दिसेल, वास येईल, जाळीला टेकून झोपतील. एकटं ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

ससा आणि बाकीची मंडळी

माझ्या नागपूरच्या मामेबहिणीनं मागच्या वर्षी विचारलं, ताई, शेजारचे एक ससा देतायत, आमच्या गिनी पिगला सोबत होईल ना? मी फोनवरच नाही म्हटलं आणि मग अर्धा तास कारणं सांगितली. सशाच्या नाका-घशात बोर्डेटेला नावाचे जंतू असतात, सशाला काही होत नाही, गिनी पिगला त्यातून न्यूमोनिया होऊन तो जाऊ शकतो. सशाची लाथ. ससा खेळात, घाबरून, अंगावर चढायच्या नादात मागच्या पायांची लाथ मारतो आणि यांच्या फासळ्या, पाठ मोडते. सशाच्या पेलेट्समध्ये सी जीवनसत्त्व नसतं, एकाच वाटीत खाल्लं की काही आठवड्यांत गिनी पिगचे सांधे दुखायला लागतात, हिरड्यातून रक्त. आणि भाषा वेगळी. ससा प्रेमानं चाटायला मागतो, मान खाली घालून पुढं येतो, गिनी पिगला तो दबाव वाटतो. कुणाकडं वर्षानुवर्षं एकत्र असतील आणि ठीक असतील, पण नव्यानं जोडू नका. आधीपासून एकत्र असतील तर निदान गिनी पिगला दुसरा गिनी पिग आणा, आणि सशाला जाता येणार नाही अशा छोट्या दाराची जागा ठेवा.

हॅमस्टर स्वतःच्या जातीचा पण सहन करत नाही, तो एकटाच राहणारा, चावतो. पांढरे उंदीर पण वेगळेच. बजरीगर (पिंजऱ्यात पाळतात ते छोटे रंगीत पोपट) असतील तर दुसऱ्या खोलीत किंवा निदान लांबच्या भिंतीला, त्यांचा पिंजरा यांच्या वर टांगू नका, विष्ठा आणि दाणे खाली पडतात. (आपला हिरवा पोपट आणि स्टार कासव घरात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, त्यामुळं तो विषयच नको.) माशांच्या टाकीचा काही प्रश्न नाही.

कुत्रा-मांजराबद्दल स्पष्ट सांगते. आमचा कुत्रा काही करत नाही, हे वाक्य मी ज्या ज्या लोकांकडून ऐकलंय त्यातल्या दोघांचे गिनी पिग गेले, एकाला तर कुत्र्यानं फक्त खेळायला तोंडात धरलं होतं. कुत्र्या-मांजरांकडून पण बोर्डेटेला येऊ शकतो आणि मांजराची छोटी नखी पण जखम पिकवते. वरून झाकण, झाकणाला क्लिप, खोलीचं दार बंद, घरात कुणी नसताना कुलूप. भेट घडवायची, मैत्रीचे व्हिडिओ काढायचे, हे अजिबात करू नका. रोज मांजर जाळीला नाक लावून बसत असेल तर आतले दोघं ताणानं एकमेकांवर निघतात, हे पण भांडणाचं कारण असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

तळमजला, बंगला, कोकणातलं किंवा गोव्यातलं अंगण असेल तर यादी वाढते. घूस, मुंगूस, साप, कावळे, शिकरा. रात्री बाल्कनीत किंवा ओट्यावर पिंजरा ठेवायचाच नाही, घूस जाळी वाकवते.

ऊन, पाऊस, फटाके

यांना १८ ते २४ अंश छान, २७-२८ च्या वर त्रास, ३० च्या वर उष्माघाताची भीती. विदर्भातल्या लोकांनी मार्चपासूनच तयारी करावी. आम्ही शहाबादी फरशीचे दोन तुकडे ठेवतो, दोन, एक नाही, नाहीतर गार जागेवरून पण भांडण. गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून, ती पण प्रत्येकाला एक. कुणी आडवा पडून तोंडानं श्वास घेतोय, लाळ गळतेय, तर ओल्या फडक्यानं कान आणि पाय पुसत सरळ डॉक्टर, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, आधी हुंगा मग घाला, फ्लीस वाळत नाही म्हणून तीन सेट ठेवा, ओल्यावर बसून गजकर्ण झालं की दोघांनाही होतं. दिवाळीत सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, अर्ध्या पिंजऱ्यावर चादर, आणि जास्तीचं गवत, ढिगात घुसून बसता आलं की शांत राहतात.

एक गेला तर

चिकू मागच्या वर्षी गेला, पाच वर्षांचा होऊन. हे साधारण पाच ते आठ वर्षं जगतात. आम्ही त्याला थोडा वेळ तीळजवळच ठेवला. त्यानं हुंगलं, दोनदा नाकानं ढकललं आणि मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळची काकडी तशीच. दुसऱ्याचं खाणं बंद होणं ही यांच्यात खरी आणीबाणी असते, अर्धा-पाऊण दिवस काहीच खाल्लं नाही तर पोट थांबतं, तेव्हा वाट बघत बसू नका. तीळनं रात्री उशिरा कोथिंबीर घेतली हातातून.

महिनाभर थांबू, मग बघू, असं घरच्यांचं मत होतं. मी पाचव्या दिवशी शोधायला लागले, कारण नवीन आला तरी तीन आठवडे क्वारंटाईन जाणारच होते. ओळखीच्या घरातलं दोन महिन्यांचं नर पिल्लू मिळालं, बदाम. तो आतल्या खोलीतून व्हीक व्हीक करायचा आणि तीळ इकडून उत्तर द्यायचा, तेवढ्यानंच त्याचं गवत खाणं वाढलं, वजन वहीत वर सरकलं. मग हॉल, चादर, गवताचा ढीग, सुपली. वीस मिनिटं तीळ घुर्रर्र करत त्याच्याभोवती फिरला, दोनदा चढला, बदाम किंचाळला, मी जागची हलले नाही. पावणेतीन तासांनी बदामनं तीळच्या तोंडातून काकडीचं साल ओढून घेतलं आणि तीळनं ते घेऊ दिलं.